आईची कागदपत्रे

मराठीच्या प्राध्यापकाला साधा अर्ज लिहिता येत नाही, असा आमच्या घरात एक जुना समज आहे आणि तो खोटा आहे असे म्हणण्याची सोय नाही. नळाला पाणी येत नाही म्हणून सोसायटीच्या चिटणिसांना मी एकदा दोन पानी पत्र लिहिले होते. सौ.ने ते वाचले, "यात नळ कुठे आहे?" असे विचारले आणि स्वतः चार ओळींचे दुसरे लिहून पाठवले. दुसऱ्या दिवशी पाणी आले! अशा गृहस्थाच्या हाती आईला अमेरिकेला पाठवण्याची सारी कागदपत्रे यावीत, याला काय म्हणावे? पण दादा तिकडे न्यू जर्सीत, तात्या गेलेले, सौ.ला तिच्या नोकरीतून सवड नाही आणि प्राध्यापकाला बारा महिने सुट्टीच असते अशी सर्वांची ठाम समजूत. तेव्हा मार्च २०२२ पासून ऑगस्ट २०२४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे, मी आईचा बिनपगारी कारकून होतो.

या सदराच्या वाचकांना आई अपरिचित नाही. तिच्या भाजणीवर आणि तिच्या रेडिओवर मी याच पानावर लिहिलेले आहे. ती गेली हे मात्र अजून लिहिले नव्हते. गेली म्हणजे विमानाने गेली. हा खुलासा करावा लागतो, कारण मंडईत दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात "कधी गेल्या? काय झालं होतं?" असे विचारलेले आहे.

प्रकरणाची सुरुवात दादाच्या एका वाक्याने झाली. "अकरा वर्षं ती तुझ्याकडे आहे. आता माझी पाळी." तात्या निवृत्त होऊन थकल्यावर दोघेही साताऱ्याला आमच्याकडे राहायला आले होते. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तात्या गेले. आई उरली. 'पाळी' हा शब्द मला खटकला. पाळी पाणी भरण्याची असते, दळण आणण्याची असते. पण खरे सांगायचे तर मी फारसा विरोधही केला नाही. आमचे घर तीन खोल्यांचे. आई आणि माझी मुलगी एका खोलीत झोपत. मुलगी दहावीच्या उंबरठ्यावर, तिला रात्री दिवा हवा. आईला रात्री अंधार हवा आणि पहाटे चारला खोकला. यातून वाट निघाली तर बरी, असे माझ्या मनात येऊन गेले नाही, अशी शपथ मला घेता येणार नाही.

कायदा तसा सरळ आहे. अमेरिकेचा नागरिक झालेल्या, वयाची एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला आपल्या आईबापांसाठी अर्ज करता येतो आणि आईबापांच्या बाबतीत वर्षाला इतकीच माणसे घेऊ असा आकडा ठरलेला नाही. भावाबहिणींची रांग आहे, ती आपल्या देशापुरती दीड तपाहून लांब आहे. आईला रांग नाही. मुलाने मात्र सरकारला लिहून द्यावे लागते की, हिला मी सांभाळीन, हिचा भार तुमच्यावर पडू देणार नाही. आणि त्यासाठी आपली मिळकत तिथल्या दारिद्र्यरेषेच्या निदान सव्वापट आहे हे कागदोपत्री दाखवावे लागते. आईने हे ऐकले तेव्हा ती खूप हसली. "मला जेवायला घालीन, हे त्याने सरकारला लिहून दिलं?" आपल्याकडेही आईवडिलांच्या पोषणाचा कायदा २००७ साली करावाच लागला आहे, हे मी तिला सांगितले नाही.

दादाचा अर्ज २०२३ च्या पावसाळ्यात मंजूर झाला आणि मग आमची खरी परीक्षा सुरू झाली. संकेतस्थळावर भरायचा एक भला मोठा अर्ज होता. रात्री जेवणे झाली की मुलगी संगणकापुढे बसे, मी प्रश्न वाचून मराठीत करून सांगे आणि आई उद्याची भाजी निवडता निवडता उत्तरे देई. त्यात एक प्रश्न असा: वयाच्या सोळाव्या वर्षापासून आजपर्यंत जिथे जिथे राहिलात ते सर्व पत्ते द्या, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत तेही द्या.

वाचकहो, तुमच्या आईचे सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते तुम्हाला ठाऊक आहेत काय? मला नव्हते. मला वाटत होते, ती औंधची, लग्नानंतर आमची, आणि मध्ये तात्यांच्या दोन-चार बदल्या. पहिलाच पत्ता निघाला पुण्याचा, नारायण पेठेतला.

"मावशीकडे शिकायला ठेवलं होतं मला. जूनमध्ये गेले आणि पानशेत फुटलं."

पानशेत फुटले १२ जुलै १९६१ रोजी. म्हणजे जून ते जुलै.

"घराचा नंबर काय?" मुलीने विचारले.

"घरच राहिलं नाही, नंबर कसला विचारतेस! अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले औंधला. शिक्षण तिथंच राहिलं."

मावशीचे घर पुरात गेले हे मी लहानपणापासून ऐकत होतो. त्या घरात आई होती, आणि आईचे शिक्षण त्या पुरात गेले, हे मात्र चव्वेचाळीस वर्षांत कुणी मला सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. मी विचारत होतो ते एका परक्या सरकारला माहिती हवी होती म्हणून.

आईजवळ तारखा नव्हत्या. तिच्याजवळ प्रसंग होते आणि त्यांच्या तारखा मी शोधायच्या. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी माहेरीच. पहाटेची वेळ, फडताळातली भांडी खाली आली. त्याच्यानंतरच्या वैशाखात लग्न." भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, तेव्हा लग्न मे १९६८. मग तात्यांच्या बदल्या. तात्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पाटण, दहिवडी, म्हसवड, कोरेगाव अशी गावे एकामागून एक येऊ लागली, आणि प्रत्येक गावात एक-दोन बिऱ्हाडे. दहिवडीला किती वर्षे होतो, असे विचारले तर म्हणे, "दादा तिथला. दुष्काळातला." म्हणजे १९७२. "रेशनवर तो तांबडा मिलो मिळायचा. भाकरी थापली की तुटायची. पोटात दादा होता तेव्हा मी तोच खाल्ला. अमेरिकेतून यायचा म्हणे. त्याचं तेव्हाच ठरलं असणार!"

असे अकरा पत्ते निघाले. अकराही रकाने भरले तेव्हा मुलगी संगणक बंद न करता बराच वेळ ते नुसते पाहत बसली होती.

अर्जाच्या शेवटी शेवटी एक गंमतीचा भाग येतो. तुम्ही हेरगिरी करण्यासाठी येत आहात काय? दहशतवादी कृत्यांत तुमचा हात आहे काय? तुम्ही कधी वंशसंहारात भाग घेतला आहे काय? या साऱ्यांना क्रमाने 'नाही' असे उत्तर द्यायचे. हेरगिरी म्हणजे काय, हे मी समजावून सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आपले समोरचे अप्पा करतात तसं." यातले एक-दोन प्रश्न असे होते की ते मी तिला वाचून दाखवले नाहीत. मुलीलाही पाणी आणायला आत पाठवले आणि स्वतःच 'नाही' लिहून टाकले. मातोश्रींच्या वतीने दिलेल्या त्या उत्तरांची जबाबदारी माझी आहे.

पोलिसांचा दाखला मिळवताना चौकशीला एक तरुण शिपाई घरी आला, चहा पिऊन गेला आणि जाताना आईच्या पाया पडला. शेजाऱ्यांनी त्याचे येणे तेवढे पाहिले. पुढे चार दिवस आमच्याकडे नेमके काय झाले, याची विचारपूस चालू होती.

खरा घोळ झाला तो जन्माच्या दाखल्याचा. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्या अनेकांजवळ दाखला नसतो हे अमेरिकेच्या वकिलातीलाही माहीत आहे. अशा वेळी 'नोंद आढळत नाही' असा स्थानिक निबंधकाचा दाखला आणि वयाने मोठ्या नातलगांची प्रतिज्ञापत्रे चालतात. औंधच्या ग्रामपंचायतीने तो दाखला बिनतक्रार दिला. पण तिथल्याच एका जाणत्या गृहस्थांनी सुचवले की, जुने कोतवाल बुक बघा, गाव नमुना चौदा. त्यात कधी कधी सापडते.

ते दिवस होते २०२३ च्या नोव्हेंबरातले. कुणबी नोंदींचा शोध राज्यभर चालू होता, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू होते आणि जिकडे तिकडे जुनी दप्तरे बांधणीतून सुटून टेबलांवर आली होती. मी गेलो त्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. बऱ्याचशा नोंदी मोडीत. एम.ए.च्या काळात हौसेने मोडी शिकलो होतो. त्या विद्येचा आजवर कुणाला काडीइतका उपयोग झाला नव्हता. त्या दिवशी झाला. मला मोडी वाचता येते हे समजताच रांगेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपल्या आजोबांची नोंद माझ्यापुढे धरली, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. दुपारभर मी लोकांचे आजे-पणजे वाचत बसलो होतो. संध्याकाळी कारकुनाने आपल्या डब्यातली पोळी मला दिली आणि औंधचे बाड स्वतः काढून आणले.

नोंद सापडली. नोव्हेंबर १९४५ च्या पहिल्या आठवड्यातली. बापाचे नाव, म्हणजे माझ्या आजोबांचे, स्पष्ट. पुढे 'मुलगी'. एवढेच. नाव नाही. बारशाआधीच नोंद होत असे, तेव्हा नाव कुठून येणार!

आणि तारीख! पारपत्रावर, शाळेच्या दाखल्यावर, तात्यांच्या पेन्शनच्या कागदांवर, सगळीकडे आईची जन्मतारीख १ जून १९४५. आमच्या आधीच्या पिढीत अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलेला आहे, हे आपण जाणतोच. शाळेत नाव घालताना हेडमास्तर जी सोयीची तारीख लिहीत ती ही. आईला मास्तरांनी पाच महिन्यांनी मोठी केली होती. ती आपली निमूटपणे पाच महिने मोठी होऊन बसली होती. (शिवाय १९४५ साली औंध हे संस्थान होते. ते विलीन झाले मार्च १९४८ मध्ये. म्हणजे काटेकोर पाहिले तर आईचा जन्म पंतप्रतिनिधींच्या राज्यातला. हा इतिहास मी अमेरिकेला कळवला नाही.)

बिननावाची आणि वेगळ्या तारखेची नोंद दाखवून नसता गुंता वाढवण्यात अर्थ नव्हता. प्रतिज्ञापत्रच करायचे ठरले. आईचा जन्म आठवणारे, तिच्याहून मोठे असे माणूस आता एकच उरले होते, फलटणची अक्कामावशी. वय शहाऐंशी. नातवाजवळ राहते. डोळे चांगले, कान गेलेले.

एका रविवारी आईला घेऊन मी फलटणला गेलो. तिथल्याच एका वकिलांना मसुदा तयार ठेवायला सांगितले होते. ते घरी आले आणि मोठ्याने वाचू लागले, "मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, सुनंदा ही माझी सख्खी धाकटी बहीण असून..."

"सुनंदा कोण?" अक्कामावशीने विचारले.

आईचे माहेरचे नाव द्वारका. तात्यांच्या घरी तांदळात नाव लिहिले तेव्हापासून ती सुनंदा. अक्कामावशीने ते नाव पंचावन्न वर्षांत कधी तोंडात घेतलेले नव्हते. वकिलांनी मसुद्यात दोन्ही नावे घातली आणि ती एकाच व्यक्तीची असल्याचा मजकूर वाढवला. पुढे वाचले, "तिचा जन्म दिनांक १ जून १९४५ रोजी..."

"खोटं आहे," मावशी म्हणाली.

वकील थांबले. मी मावशीच्या कानाशी ओरडून शाळा, हेडमास्तर, पारपत्र हे सगळे समजावले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

"ही दिवाळीतली आहे. मी आठ वर्षांची होते. पहिल्या अंघोळीचं पाणी तापलं होतं, आई अडली आणि ते सगळं घंगाळ बाळंतिणीच्या खोलीत नेलं. त्या दिवाळीला मला अभ्यंग मिळालं नाही. हिच्यापायी! माझे पाय आता नदीकडे लागलेत, मी जून म्हणून सही करायची?"

आई भिंतीला टेकून बसली होती. "अक्का, अजून तुझ्या मनात आहे ते?" असे म्हणाली आणि दोघी म्हाताऱ्या हसू लागल्या. मावशीला ऐकू आले नव्हते. ती आई हसते म्हणून हसत होती. वकील मात्र घड्याळाकडे पाहत होते. शेवटी त्यांनीच तोड काढली. 'माझ्या आईवडिलांच्या पोटी औंध येथे तिचा जन्म माझ्या समक्ष घरात झाला असून, शाळेच्या नोंदीप्रमाणे तिची जन्मतारीख १ जून १९४५ अशी आहे.' मावशीने हे वाक्य स्वतः दोनदा वाचले. शाळेच्या नोंदीप्रमाणे अशी आहे, यात खोटे काही नव्हते. तिने सही केली.

निघताना मावशी दारापर्यंत आली. "आता गाठ नाही," ती म्हणाली.

"फोन आहे की, अक्का."

"फोनवर मला ऐकू येत नाही."

आईने यावर काही उत्तर दिले नाही. गाडीत बसल्यावर लोणंदपर्यंत ती बोलली नाही आणि मीही रस्त्याकडे पाहत राहिलो.

वैद्यकीय तपासणी, छातीचे चित्र, लसी हे सारे मुंबईत एका दिवसात उरकले. त्यात सांगण्यासारखे काही नाही. मुलाखत मे २०२४ मध्ये, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत. आत फोन नेता येत नाही, पिशवी नेता येत नाही. आई पारदर्शक पिशवीत कागद घेऊन एकटी आत गेली आणि मी रस्त्यापलीकडे, हातात तिची पर्स धरून, इतर अनेक मुलामुलींसारखा उन्हात उभा राहिलो. दोन तासांनी ती बाहेर आली. व्हिसा मंजूर झाला होता.

परतताना खंडाळ्याचा घाट ओलांडल्यावर मी विचारले, "काय काय विचारलं?"

"तरुण मुलगी होती. शेजारी एक बाई मराठीत सांगत होत्या. दादाचं नाव विचारलं, तो कधी गेला ते विचारलं. मग विचारलं, तुम्हाला तिकडे का जायचं आहे?"

सव्वादोन वर्षांत शेकडो प्रश्न मी आईला विचारले होते. हा विचारला नव्हता. दादानेही विचारला नव्हता. आम्ही दोघांनी पाळी ठरवली होती.

"तू काय सांगितलंस?"

"मुलगा बोलावतो म्हणून, असं सांगितलं. त्यांना तेवढं पुरलं."

"आणि खरं?"

ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "ह्यांच्या वेळी तू होतास. त्याने सगळं फोनवर पाहिलं. तीन वर्षं झाली, पण फोनवर चेहरा दिसतो ना, तर तो अजून माझ्याकडे सरळ बघून बोलत नाही. माझ्या वेळी त्याला असू दे. तुझं झालंय करून."

तात्यांच्या वेळी मी होतो म्हणजे काय, हे त्या महिन्यांत ज्यांच्या घरी कुणी गेले त्यांना सांगायला नको. स्मशानात मी आणि नगरपालिकेची चार माणसे. आईलाही नेता आले नव्हते. एका हाताने फोन वर धरून मी दादाला दाखवत होतो, आणि पडद्यावर त्याच्याकडे रात्र होती.

गाडी चालवणाऱ्या पोराने रेडिओ बंद केला. टोलनाका आला. हल्ली तिथे गाडी थांबावी लागत नाही. त्या दिवशी थांबली असती तर बरे झाले असते.

पुढचे तीन महिने सामानात गेले. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा. एडिसनच्या ओक ट्री रोडवर सगळे मिळते, पोह्यांपासून कढीपत्त्यापर्यंत, असे वहिनी फोनवर सांगत होती, आणि आई तिला "हो, हो" म्हणत भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला भरत होती. बँकेत जाऊन खाते अनिवासी व्यक्तीचे करून घेतले. तात्यांच्या मागे मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन त्यात जमा होते. ती म्हणाली, "म्हणजे मी आता परदेशी?" नागरिकत्व भारताचेच राहते, वास्तव्य तेवढे तिकडचे, असे बँकेतल्या मुलीने समजावले. मी दादाला पुन्हापुन्हा विम्याचे विचारत होतो. या वयात गेलेल्या माणसाला तिथल्या सरकारी वैद्यकीय योजनेत पैसे भरून शिरायचे म्हटले तरी आधी सलग पाच वर्षे तिथे राहावे लागते. तोवर खासगी विमा, आणि तो महाग. दादा म्हणाला, "मी बघतो ना." हे वाक्य अकरा वर्षे मी त्याला ऐकवत आलो होतो.

देवांचे काय, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात निघाला. दादा थोरला, देव त्याच्याकडे जावेत असे मला वाटत होते. आईने देव्हाऱ्यासमोर बसून एकेक देव पुसला आणि त्यातून फक्त अन्नपूर्णा बाजूला काढली. "ही माझी. माहेरून आणलेली. बाकीचे तुमच्या घरचे, त्यांना हलवायचं नाही." ती पितळेची बोटभर मूर्ती रुमालात बांधून तिने कमरेच्या पिशवीत ठेवली.

विमानतळावर दारापुढे आपल्याला जाऊ देत नाहीत. चाकाची खुर्ची घेऊन एक मुलगा आला. आईने बसता बसता त्याला गाव विचारले. चिपळूणचा निघाला. पाऊस कसा आहे, घरी कोण असते, असे तिने सुरू केले आणि तो उत्तरे देत खुर्ची ढकलत निघाला. आत वळेपर्यंत ती त्याच्याशीच बोलत होती. तिने मागे पाहिले नाही. सौ.चे म्हणणे, मुद्दामच पाहिले नाही. मला वाटते, ती खरोखरच त्या पोराच्या बोलण्यात गुंतली होती.

आठ दिवसांत मुलीचे टेबल आईच्या पलंगाच्या जागी सरकले. पलंग गच्चीवरच्या खोलीत गेला. पहाटे चारला आता घरात खोकला नसतो. पहिले काही दिवस मला छान झोप लागली, आणि मग चारलाच जाग येऊ लागली.

या गोष्टीला आता वर्ष उलटून गेले. तिकडे आई कशी आहे? बरी आहे. दादा आणि वहिनी सकाळी आठला बाहेर पडतात ते सहाला येतात. तेवढा वेळ ती घरात एकटी. गाडीशिवाय कुठे जाता येत नाही आणि गाडी तिला येत नाही. शनिवारी देऊळ, रविवारी बाजार. नातू तिच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देतो आणि तिला ते कळते, असे ती म्हणते. पहिल्या हिवाळ्यात बर्फ पाहिले तेव्हा तिने फोन केला होता, दुसऱ्या हिवाळ्याचे नाव काढले की ती विषय बदलते. वर्षभराहून अधिक काळ सलग बाहेर राहिले तर तिथला हक्क जाऊ शकतो, म्हणून इकडे येणे ते मोजूनमापून. "येईन की," म्हणते. कधी ते म्हणत नाही. एक गोष्ट मात्र मी पाहिली. परवा दोघे एकत्र फोनवर होते. आई कसलासा किस्सा सांगत होती आणि दादा तिच्या तोंडाकडे बघून मोठमोठ्याने हसत होता.

यंदाच्या दिवाळीत ती तिथीने ऐंशी वर्षांची होते. कागदावर ती जूनमध्येच झाली. दादाने एक जूनला केक आणला होता. मी अक्कामावशीच्या पंचांगाने चालणार.

आता नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा. गेल्या वर्षी तो वेळेवर पोचला नाही आणि दोन महिने पैसे अडकले, म्हणून यंदा मी आधीच फॉर्म छापून घेतला आणि भरायला बसलो. नाव लिहिले. जन्मतारीख लिहिली, शाळेच्या नोंदीप्रमाणे. पत्त्याच्या रकान्याशी पेन थांबले. फोन करून विचारले, "आई, पत्ता कुठला लिहू? तिकडचा की इकडचा?"

"तुझाच लिही," ती म्हणाली. "पत्रं तिथंच येऊ देत. इथला पोस्टमन गाडीतून खालीसुद्धा उतरत नाही रे. पेटीत टाकतो आणि जातो. त्याच्याशी बोलायचं काय?"